पस्तीस मिलिमीटर

या वर्षीच्या अंकासाठी संपादकांनी ‘उंची’ हा विषय दिला, तेव्हा मला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आठवलं. लेथ, फौंड्री आणि पत्र्याच्या शेडांच्या त्या दाटीत काही गॅरेजं अशी आहेत, जिथं मुलं आपल्या मोटारीची उंची कमी करून घ्यायला येतात. कंपनीच्या स्प्रिंगा काढायच्या आणि त्या जागी आखूड, जरा जास्त ताठ स्प्रिंगा बसवायच्या. गाडी जमिनीकडं तीन-चार सेंटिमीटर सरकते, चाक आणि मडगार्ड यांच्यातली रिकामी फट भरते आणि तीच गाडी एकदम रुंद, भक्कम, रस्त्याला धरून बसलेली दिसायला लागते. गॅरेजात याला ‘गाडी खाली घेणं’ म्हणतात.

याला नुसता दिखाऊपणा म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. एखाद्या वस्तूची ठेवण डोळ्याला बरोबर वाटावी म्हणून पदरचे पैसे आणि सुट्टीचा दिवस खर्च करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. शिवाय हे काम नीट केलं तर त्यात भौतिकशास्त्र, धातुशास्त्र आणि हाताचं कसब तिन्ही लागतं. वाईट केलं तर त्याच तीन सेंटिमीटरांत गाडीचे ब्रेक, टायर आणि आत बसलेली माणसं धोक्यात येतात. हा फरक कुठं पडतो, ते बघायला मी गेलो.

आधी फीत, मग पाना

गाडी दुसऱ्या पिढीतली स्विफ्ट होती. मालक गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला, वय पंचविशीच्या आसपास. पस्तीस मिलिमीटर खाली नेणारा चार स्प्रिंगांचा सेट त्यानं आधीच मागवून ठेवला होता. मिस्त्री साठीला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पाना उचलण्याआधी मापाची फीत उचलली.

फीत जमिनीपासून लावली नाही. चाकाच्या मध्यावर टोक धरून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. टायरात हवा कमी-जास्त असते, टायर झिजलेला असतो, फरशी वाकडी असते. जमिनीपासूनचं माप त्यामुळं फसवं निघतं. चाकाच्या मध्यापासून घेतलं की फक्त स्प्रिंगचंच माप हातात येतं. चारही आकडे खडूनं भिंतीवर लिहिले. मग ते म्हणाले, ‘‘आता चौघं आत बसा.’’ मालक, त्याचे दोन मित्र आणि मी असे आत बसलो. मामांनी पुन्हा चारही मापं घेतली. मागचा आकडा चांगलाच घसरला होता.

‘‘मामा, पस्तीस एमएम म्हंजे लई नव्हं?’’

‘‘खाली किती जातीया ते मागनं बघू. आत किती उरतंय ते आदी बघूया.’’

गाडी मोकळी असताना जी उंची दिसते, तिच्यावर भुलून बहुतेक जण निर्णय घेतात. फोटोही मोकळ्या गाडीचेच असतात. स्प्रिंगचं खरं काम मात्र माणसं आणि सामान भरल्यावर, खड्ड्यात चाक आपटल्यावर सुरू होतं. त्या वेळी चाकाला वर यायला किती जागा शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. मामांच्या भिंतीवरचे ते दुसरे चार आकडे मला त्या दिवसभराच्या कामातले सगळ्यात महत्त्वाचे वाटले.

पुढचा शॉकअप

स्विफ्टच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. आपल्याकडं रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींना तोच असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकी अभियंता १९४० च्या दशकात जनरल मोटर्ससाठी एका छोट्या, स्वस्त शेव्हरोलेवर काम करत होता. ती मोटार बाजारात आलीच नाही. तो फोर्डमध्ये गेला आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांखाली त्याची रचना दिसू लागली. कल्पना अशी की शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक खांब करायचा, त्याचं वरचं टोक गाडीच्या अंगाला आणि खालचं चाक धरणाऱ्या नकलला बोल्टनं बांधायचं. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. म्हणून हा खांब जगभर पसरला.

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे मामा पोरांना दरवेळी सांगतात. चाक निघालं. ब्रेकच्या नळीची क्लिप आणि एबीएसची वायर सोडवली, कारण ती तशीच राहिली आणि नकल खाली झुकला तर नळी ताणली जाते. मग लिंक रॉडचा नट, मग नकलचे दोन मोठे बोल्ट. ते सैल करण्याआधी मामांनी बोल्टच्या डोक्याभोवती पांढऱ्या रंगानं खूण केली. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असते. बोल्ट त्यात कुठं बसला होता हे कळलं नाही तर चाकाचा उभा कोन बदलतो. वरचे नट काढताच अख्खा खांब हातात आला.

पुढचा भाग धोक्याचा. खांबात स्प्रिंग मुळातच दाबून बसवलेली असते. वरचा मधला नट काढायचा तर आधी स्प्रिंग कंप्रेसरनं तिला आणखी दाबून माउंटिंगवरचा ताण घालवावा लागतो. समजा, एक मिलिमीटर दाबायला दोन किलोचा जोर लागणारी स्प्रिंग दीडशे मिलिमीटर दाबली आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा २२५ ज्यूलच्या आसपास भरते. तेवीस किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडावं, तेवढी. ती सुटली तर कुठल्या दिशेनं जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

म्हणून कंप्रेसरचे दोन आकडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना लावले. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे फिरवले. एअर गन बाजूला ठेवली होती. इथं गोटी पाना आणि मनगट. खांबाचं तोंड भिंतीकडं, कुणाच्या अंगाकडं नाही. स्प्रिंग वरच्या वाटीत सैल हलायला लागली तेव्हाच मधला नट खोलला. नट फिरताना शॉकअपचा दांडाही फिरतो, तो अॅलन कीनं आतून धरायचा असतो. घाईत लोक पक्कड लावतात. क्रोमच्या त्या गुळगुळीत दांड्यावर एक चरा पडला तरी तो वरखाली होताना सील फाडतो आणि काही महिन्यांत तेल गळायला लागतं.

नवी स्प्रिंग जुनीशेजारी उभी केली तर जेमतेम दोन बोटांचा फरक. ती बसवायला कंप्रेसरचा फारसा जोरही लागला नाही. सोपं झालं म्हणून मालकाला आनंद झाला, पण मामांनी तिथं थांबून दांडा पूर्ण वर ओढून पाहिला. चाक हवेत लटकलं तरी स्प्रिंग दोन्ही वाट्यांत थोडी तरी दाबलेली राहिली पाहिजे. ती सैल पडली तर उंचवट्यावरून उतरताना जागा सोडते आणि परत बसताना तिरकी बसते. ही नीट घट्ट होती. तारेचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलंय का ते बोटानं चाचपलं, मधला नट नवा लावला, वरची बेअरिंग फिरवून पाहिली. मग दुसऱ्या बाजूचा खांब.

कापलेली स्प्रिंग

स्प्रिंगचा सेट महाग पडतो, आणि गॅस कटर प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात आहे. त्यामुळं कंपनीच्याच स्प्रिंगचं एक वेटोळं कापून गाडी खाली घेणारे अजूनही आहेत. मामा ते काम घेत नाहीत. का घेत नाहीत, ते समजायला स्प्रिंग कशी बनते ते पाहावं लागतं.

जेवढा ताण तेवढा जोर, हा नियम रॉबर्ट हूकनं १६७६ मध्ये अक्षरांचं कोडं करून छापला आणि १६७८ मध्ये उघड केला. वेटोळ्यांच्या स्प्रिंगला तो लावला की एक विलक्षण गोष्ट दिसते. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बारा मिलिमीटरची तार तेरा मिलिमीटर केली, बाकी काही बदललं नाही, तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्के ताठ होते. वेटोळ्याचा व्यास वाढला तर ती घनाच्या प्रमाणात मऊ होते. आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या घटली की ती त्याच प्रमाणात ताठ होते. म्हणजे सहा वेटोळ्यांतलं एक कापलं तर वीस टक्के ताठरपणा वाढतो. कापणाऱ्यांचा युक्तिवाद इथूनच येतो: उंचीही कमी झाली, ताठपणाही आला, मग चुकलं काय?

चुकतं ते पोलादात. मोटारीच्या स्प्रिंगला सिलिकॉन आणि क्रोमियम मिसळलेलं पोलाद वापरतात. तार तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन तिच्यात लवचीकपणा आणलेला असतो. वळल्यावर तिच्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्यानं वरचा थर दाबला जातो आणि भेग पडायची ती सहजी पडत नाही. मग स्प्रिंग पूर्ण दाबून सोडतात, म्हणजे तिला जे बसायचं आहे ते कारखान्यातच बसून जातं. शेवटी रंगाचा जाड थर, कारण गंजाचा एक ठिपकासुद्धा भेगेची सुरुवात ठरतो. गॅस कटरची ज्योत लागली की कापलेल्या जागेच्या आसपास ही सगळी मेहनत वाया जाते. वर ते कापलेलं टोक वाटीत नीट टेकत नाही, आणि चाक लटकलं की स्प्रिंग हमखास सैल पडते. स्प्रिंग तापवून खाली बसवण्याचा प्रकार तर याहून वाईट.

चांगल्या सेटमध्ये काही वेटोळी जवळजवळ घेतलेली असतात. ती आधी एकमेकांना टेकतात, मग उरलेली वेटोळी काम करतात, म्हणून स्प्रिंग दबत जाईल तशी ताठ होते. या धंद्यातली दोन मोठी नावं, आयबाख आणि एच अँड आर, दोन्ही जर्मनीच्या झाउअरलांड भागातली, फिनेनट्रॉप आणि लेनेश्टाट या गावांतली. तिकडं अशा स्प्रिंगसोबत तपासणीचा कागद येतो आणि काही प्रकारांत तपासनिसाकडून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते.

खाली येऊन मिळतं काय

‘गाडी खाली आली की वळणावर चिकटून चालते’ हे वाक्य मी प्रत्येकाकडून ऐकलं. ते अर्धं खरं आहे.

वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, ते गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर आहे असं धरलं आणि गाडी ३५ नं खाली आली, तर सरकणारं वजन सहा टक्क्यांच्या आसपास घटतं. फायदा आहे, पण मालकाला सीटवर जो बदल जाणवतो तेवढा मोठा नाही. तो जाणवतो ताठ स्प्रिंगमुळं.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत तर आणखी एक पेच आहे. गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या कलावरून ठरतो. गाडी खाली बसली की आर्मचं बाहेरचं टोक वर उचललं जातं आणि हा बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली घसरतो. गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंगचा ताठरपणा तोच ठेवून नुसती उंची कमी केली, तर गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलेल. हे मी मालकाला कागदावर काढून दाखवलं, तेव्हा त्याचा आधी विश्वास बसला नाही.

सगळ्यात मोठी किंमत मात्र प्रवासाची असते. प्रवास म्हणजे चाकाला वर यायला असलेली जागा. समजा मोकळ्या गाडीत चाक ७० मिलिमीटर वर येऊ शकतं आणि मग दांड्यावरच्या बंप स्टॉपला, त्या फोमच्या उशीला, टेकतं. गाडी ३५ नं खाली घेतली की जागा निम्मी उरली. खड्ड्यातला तोच दणका निम्म्या जागेत जिरवायचा, तर स्प्रिंग चौपट ताठ हवी, कारण साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गानं जाते. चौपट ताठ स्प्रिंग घातली तर गाडीत बसवणार नाही. बाजारातले सेट साधारण वीस-तीस टक्के ताठ असतात. राहिलेलं काम बंप स्टॉपवर येतं, आणि तो काही रोज सकाळ-संध्याकाळ राबण्यासाठी केलेला नसतो. त्याच्यापलीकडं मग मडगार्डच्या आतलं पत्र्याचं अंग, शॉकअपची वाटी आणि मालकाची कंबर.

शॉकअपचंही तेच. स्प्रिंग ताठ झाली की परत उसळताना जास्त जोर लावते. तिला आवर घालणारं तेल आणि झडपा मऊ स्प्रिंगच्या हिशेबानं केलेल्या असतात. गाडीचे शॉकअप जुने असतील, तर नव्या स्प्रिंगा त्यांना थोड्याच दिवसांत संपवतात. या स्विफ्टचे पुढचे शॉकअप मामांनी हातानं दाबून सोडून पाहिले. दांडा सावकाश वर आला, पण एका बाजूला मध्येच जरासा पोकळ लागला. ‘‘आज लाव, पर ह्याला दिवस कमी हाईत,’’ असं ते मालकाला स्पष्ट म्हणाले.

मागची बाजू, आणि जमिनीवर आवळायचे बोल्ट

स्विफ्टच्या मागं दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम असतो आणि त्यावर स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी उभी असते. इथं कंप्रेसर लागत नाही. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, बीमला जॅकचा आधार देऊन सावकाश खाली सोडला आणि स्प्रिंग हातानं बाहेर आली. ब्रेकच्या नळीवर कुणीतरी नजर ठेवायची, एवढंच.

एक गोष्ट मात्र अनेक ठिकाणी चुकते. आर्मच्या आणि बीमच्या सांध्यांत रबरी बुश असतात. बाहेरच्या आणि आतल्या नळीला रबर चिकटवलेलं असतं आणि सांधा हलतो तेव्हा ते रबर पिळलं जातं. या सांध्यांचे बोल्ट चाकं हवेत लटकलेली असताना शेवटचे आवळले, तर बुश त्या लटकलेल्या कोनात अडकतो. गाडी जमिनीवर आली की तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मामांनी हे बोल्ट आधी सैल केले, काम झाल्यावर गाडी चाकांवर उतरवली, चारही कोपरे दाबून तिला बसू दिलं आणि मग गाडीखालच्या खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचनं एकेक बोल्ट ठरावीक जोरानं आवळला. गाडी खाली घेताना तर हे करायलाच हवं, कारण बुशचा नेहमीचा कोनच बदललेला असतो.

संध्याकाळी गाडी व्हील अलाइनमेंटला गेली. खाली आलेल्या पुढच्या चाकांची वरची कड थोडी आत झुकते. त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, वळणावर ते उपयोगीही पडतं. टायर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं एकमेकांकडं किती वळलेली आहेत ते माप. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कल बदलल्यामुळं तेही बदलतं. ते दुरुस्त केलं नाही, तर टायरची आतली कड झिजते आणि बाहेरून टायर नवा दिसत राहतो.

गतिरोधक आणि कायदा

भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात साधा गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा सांगितलेला आहे. ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून जावी हा उद्देश. २.४३ मीटर चाकअंतराची स्विफ्ट त्याच्या माथ्यावर मधोमध आली, तर गतिरोधकाचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा साधारण ४३ मिलिमीटर वर येतो. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटरचा. म्हणजे पोटाखाली १२७ उरतात, आणि ३५ खाली घेतल्यावर ९२. चार माणसं भरली तरी निभतं.

पण रस्त्यात भेटतात ते वेगळेच. गावकऱ्यांनी एका रात्रीत डांबराचा ढीग टाकून केलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं जमिनीवर असतात आणि गतिरोधकाची सगळी उंची पोटाखाली येते. पंधरा सेंटिमीटरचा असेल तर मूळ गाडीलाही दोनच सेंटिमीटर उरतात. खाली घेतलेली गाडी तिथं चेंबर घासणार, हे नक्की. शाळेसमोर कुणाचं तरी पोर गेल्यावर तो ढीग पडलेला असतो, हे आठवून मला त्या गावकऱ्यांवर राग धरवत नाही. मानकाप्रमाणे गतिरोधक बांधून घेणं हे ज्यांचं काम आहे, त्यांनी ते वेळेवर करायला हवं होतं.

कायद्याची बाजू प्रत्येक मालकानं वाचून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. स्प्रिंग ही रंगासारखी किंवा इंजिनासारखी प्रमाणपत्रात लिहिलेली बाब नाही, तरी विमा कंपनीला लेखी कळवूनच काम करावं असं माझं मत आहे. अपघातानंतर सर्वेक्षक आधी गाडीखालीच बघतो.

जोतिबाच्या वाटेवर

चाचणीला आम्ही जोतिबाच्या डोंगराकडं गेलो. वळणावर गाडी आधीपेक्षा कमी कलत होती, स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळत होतं, आणि मालकाच्या चेहऱ्यावर दिसणारं समाधान अगदी खरं होतं. गुळगुळीत डांबरावर ती स्विफ्ट देखणी चालली. उखडलेल्या पट्ट्यावर मात्र मागं बसलेल्या मला दर खड्डा वेगळा मोजता येत होता.

निघण्याआधी मामांनी पुढच्या दोन्ही शॉकअपच्या दांड्यांवर, सिलिंडरच्या तोंडाशी, प्लॅस्टिकची एकेक केबल टाय आवळून ठेवली होती. चाक वर आलं की सिलिंडर त्या टायला वर ढकलतो, चाक खाली गेलं तरी टाय तिथंच राहते. चाकानं किती प्रवास वापरला, ते त्यावरून कळतं. परत आल्यावर दांड्यावरची रबरी नळी वर सरकवून पाहिलं. डावीकडची टाय बंप स्टॉपच्या थोडी अलीकडं थांबली होती. उजवीकडची, पोकळ लागलेल्या शॉकअपची, बंप स्टॉपच्या बुडात घट्ट रुतली होती.

मालकानं विचारलं, बंप स्टॉप थोडा कापून जागा वाढवता येईल का. सेटसोबतच्या कागदात कापायला सांगितलेलं नव्हतं, म्हणून मामांनी नकार दिला. मालकानं ताठ स्प्रिंगला चालणाऱ्या नव्या शॉकअपची जोडी तिथंच फोनवरून मागवली. ती येईपर्यंत मागं दोनच माणसं बसवायची आणि घाटात सामान भरून जायचं नाही, असं ठरलं. पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्टांचा टॉर्क आणि अलाइनमेंट पुन्हा तपासायचं, कारण तोवर स्प्रिंगा आणखी काही मिलिमीटर बसतात. भिंतीवरचे खडूचे आकडे मामांनी पुसले नाहीत. त्यांच्याखाली नव्या मापांचे दोन रकाने आखले: एक मोकळ्या गाडीचा, दुसरा चौघे बसल्यावरचा.